पनीरचा मंगळवार: इंदूरच्या हॉस्टेल मेसमध्ये बिनदुधाचं ताट कसं आणायचं

आमच्या पहिल्या पोस्टरवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘वनस्पति आधारित भोजन, धरती बचाओ’. मेसचे महाराज, म्हणजे आचारी, ते वाचून थबकले आणि अगदी काळजीनं म्हणाले, “बेटा, अब सब डालडा में बनाना पड़ेगा क्या?” त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. स्वयंपाकघरात ‘वनस्पती’ म्हणजे वनस्पती तूप, हे आम्हा एम.एस्सी.च्या पोरापोरींना सुचलंच नव्हतं. त्याच संध्याकाळी पोस्टर उतरवलं. पुढे हिंदीत ‘बिना दूध-घी की थाली’ आणि आम्हा मराठी मंडळींत ‘बिनदुधाचं ताट’ एवढंच नाव राहिलं.

इंदुरातल्या भंवरकुव्याच्या आसपास पीजीत राहून टिफिनवर जगणाऱ्यांसाठी आणि हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवणाऱ्यांसाठी हे लिहितेय: पर्यावरणासाठी ताटातलं दूध-पनीर थोडं कमी कसं करायचं. आमच्या दोन वर्षांच्या खटपटीतून जे हाती लागलं ते यात आहे, आणि जे फसलं तेही आहे.

आधी ठरवा, बोलायचं कशावर

युरोपातल्या विद्यार्थ्यांच्या मोहिमा बीफपासून सुरू होतात, आणि तिथे ते बरोबरच आहे. पण आमच्या मेसमध्ये मांस शिजतच नव्हतं. तिथे ‘मांस सोडा’ म्हणणं म्हणजे नळ नसलेल्या घरात ‘पाणी जपून वापरा’ अशी पाटी लावण्यासारखं. ताटात जे येतं त्यावरच बोलता येतं, आणि इंदूरच्या ताटात येतं ते दूध, दही, तूप, पनीर.

दुधाचा पर्यावरणाशी संबंध काय, हे पहिल्याच सभेत कुणीतरी विचारतं. उत्तर दोन मिनिटांत देता आलं पाहिजे. गाय-म्हैस रवंथ करते. तिच्या पोटातल्या पहिल्या कप्प्यात सूक्ष्मजीव चारा आंबवतात आणि त्यातून मिथेन तयार होतो, जो बहुतेक ढेकरांतून बाहेर पडतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवतो. पण तो हवेत बारा-एक वर्षंच टिकतो, म्हणून आज कमी केला तर फरक आपल्या हयातीतच दिसतो. २०१९च्या पशुगणनेत देशात गायी-बैल १९ कोटींच्या वर आणि म्हशी जवळपास ११ कोटी होत्या. जगात सर्वांत जास्त दूध आपल्याकडेच निघतं.

आकड्यांसाठी आम्ही एकच अभ्यास हाताशी ठेवला होता: जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांचा, २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला. त्यात ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र केली आहे. माणसामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या एकूण उत्सर्जनातला २६ टक्के वाटा अन्नाचा, असं त्यात निघालं. एक लिटर दुधामागे जागतिक सरासरीनं तीन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं, सोयाच्या दुधामागे साधारण एक किलो. टोफू किलोमागे तीन, कडधान्यं दोनच्या आत. हे जगाचे आकडे आहेत, आपल्या मालव्यातल्या म्हशीचे नव्हेत. त्यामुळे ‘सुमारे’ हा शब्द सोडू नका. सभेत एखादा प्राध्यापक हमखास दशांश चिन्हावर बोट ठेवतो.

दूधवाल्याची वही मागा

सर्वेक्षणाचे गूगल फॉर्म भरून घेण्यात आम्ही तीन आठवडे घालवले. पोरं फॉर्ममध्ये लिहितात एक आणि ताटात घेतात दुसरंच. खरी माहिती मेसच्या दाराआड खिळ्याला टांगलेल्या वहीत होती: रोज किती लिटर दूध, किती किलो पनीर, किती तूप, कोणत्या भावानं. दोन आठवड्यांच्या नोंदी उतरवून घ्या. घेताना कंत्राटदाराला स्पष्ट सांगा की तुम्ही त्याच्या पैशांचा हिशेब तपासायला आलेला नाहीत. हे न सांगता वही मागितली तर ती दुसऱ्या दिवसापासून खिळ्यावर दिसत नाही. अनुभवाचे बोल.

आमच्या वहीतून निघालेली गंमत अशी. हॉस्टेलमध्ये १८० जण. दोन वेळच्या चहाला रोज तीसेक लिटर दूध लागायचं. पनीरची भाजी मंगळवारी आणि शुक्रवारी, ताटाला साधारण ७० ग्रॅम पनीर, म्हणजे एका रात्रीत साडेबारा किलो. एक किलो पनीरला पाच लिटरच्या आसपास दूध जातं. साडेबारा किलोंना साठ-बासष्ट लिटर! एका रात्रीच्या पनीरमध्ये दोन दिवसांचा चहा. तोपर्यंत आमची सगळी भांडणं चहावर चालली होती, ओटचं दूध की सोयाचं दूध, आणि चहाप्रेमी मंडळी आमच्यावर दात धरून होती.

म्हणून माझा पहिला ठाम सल्ला: चहाला हात लावू नका. इंदूरच्या माणसाचा सकाळचा चहा काढून घ्याल तर पुढचं एक वाक्यही तो ऐकणार नाही. तूपही सोडा. दाल-बाफल्यातलं तूप तर सोडाच सोडा, त्या वाटेला गेलात तर मोहीम तिथेच संपेल. एक पनीरचा दिवस धरा. साठ लिटर दुधाचं उत्सर्जन साधारण १९० किलो, आणि त्या जागी टोफू आला तर चाळीसच्या आसपास. कडधान्य आलं तर आणखी कमी. ही वजाबाकी फळ्यावर सगळ्यांसमोर करता येते.

जे आधीच बिनदुधाचं आहे ते शोधा

नवीन पदार्थ शिकवायला जाण्याआधी मेसच्या आणि घरच्या जेवणाची यादी करा. सकाळचे पोहे, वर शेव आणि जीरावन मसाला: बिनदुधाचे. राजवाड्याकडे मिळतात तसे उसळ-पोहेही तसेच. थंडीत सराफ्याच्या खाऊगल्लीत तळलेले गराडू (एक कंद) मिळतात, तेही तसेच. मात्र भुट्ट्याचा कीस दुधात शिजतो, आणि इंदुरी शिकंजी म्हणजे लिंबूसरबत नव्हे, ती दुधाची असते. बाहेरगावची मुलं इथे हमखास फसतात.

मराठी घरांतलं तर विचारूच नका. पिठलं, मटकीची उसळ, शेंगदाण्याची आमटी, भरली वांगी, अळूचं फतफतं, कटाची आमटी, थालीपीठ, तिळाची चटणी. माझ्या आजीला मोहिमेचं सांगितलं तेव्हा ती पूजेची भांडी घासता घासता म्हणाली, “अगं, आमच्या वेळी पनीर होतं कुठे घरात? लग्नात हॉटेलवाल्यांनी आणलं ते.” तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. आमच्या स्वयंपाकघरात दूध होतं, दही-ताक होतं, सणाला खवा आणि चक्का होता. पण रोजच्या जेवणात पोट भरायचं ते डाळ-उसळीनं. पनीर म्हणजे ‘आज काहीतरी खास’, ही समजूत फार जुनी नाही. हे आजीकडून कळल्यावर माझा अर्धा न्यूनगंड गेला. (दही-भाताबद्दल मात्र तिनं एक शब्दही ऐकून घेतला नाही, आणि मी पुन्हा काढलाही नाही.)

फळ्यावर नाव लिहिताना ‘वीगन’ किंवा ‘पर्यावरणपूरक’ लिहू नका. ‘शेंगदाण्याच्या वाटणातली भरली वांगी’ लिहा. पहिल्या महिन्यात आम्ही हिरव्या खडूनं पानाचं चित्र काढत होतो, तर पोरं ती भाजी पथ्याची समजून पुढे जायची. चित्र काढणं थांबवलं आणि पातेलं रांगेत पहिलं ठेवलं, तेव्हा ते संपायला लागलं.

याला आधार आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या कॅफेटेरियांमध्ये ९० हजारांहून जास्त जेवणांच्या नोंदी तपासल्या, त्यांचा निष्कर्ष २०१९ साली आला. एकूण पर्यायांपैकी शाकाहारी पर्याय पाव होते ते निम्मे केले, तेव्हा शाकाहारी जेवणाची विक्री ४१ ते ७९ टक्क्यांनी वाढली. माणसं समोर जे जास्त दिसतं ते घेतात. कुणालाही उपदेश करावा लागत नाही.

टोफू एकदा हातानं करून बघा

इंदूरला सोयाबीनचं गाव म्हणायला हरकत नाही. सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था खंडवा रोडवर आहे, विद्यापीठाच्या तक्षशिला परिसराच्याच रस्त्यावर. प्रक्रिया करणाऱ्यांची देशपातळीवरची संघटनाही याच शहरात. भोवतीच्या मालव्यात खरिपात जिकडे बघाल तिकडे सोयाबीन. दाण्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आणि वीस टक्क्यांच्या आसपास तेल. तेल आपल्या कढईत येतं आणि पेंड मुख्यतः कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात किंवा परदेशात जाते. सर्वांत जास्त प्रथिनांचा भाग शहराला वळसा घालून निघून जातो, आणि आपण पनीरमधून प्रथिनं शोधतो. २०२४-२५चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, म्हणजे किलोला पन्नासच्या आत. त्या हंगामात तेवढाही भाव मिळत नाही म्हणून मालव्यातले शेतकरी आंदोलन करत होते. ‘तुम्ही शेतकऱ्याच्या पोटावर पाय देताय’ असं कुणी म्हणालं तर हे लक्षात असू द्या. दुधाचा शेतकरी जसा आहे तसा सोयाबीनचाही आहे, आणि बऱ्याचदा ते एकच घर असतं. म्हणूनच आम्ही ‘दूध बंद’ असं कधी म्हटलं नाही. एक वार मागितला.

आता कृती. छावनीच्या मंडीतून किंवा किराण्यातून एक किलो स्वच्छ सोयाबीन आणा. आठ तास भिजवा, थंडीत बारा. चोळून सालं काढा, ती पाण्यावर तरंगतात. मग दळताना मिक्सरमध्ये उकळतं पाणी घाला. थंड पाण्यात दळलं की कच्च्या शेंगेचा जो उग्र वास सुटतो, तो पुढे कितीही उकळलं तरी जात नाही. वास निर्माण करणारं विकर (एन्झाइम) दाणा फुटताच कामाला लागतं, गरम पाणी त्याला तिथेच गप्प करतं. आमचा पहिला घाणा याच चुकीत गेला. महाराजांनी पातेल्यावर वाकून वास घेतला आणि एकच शब्द बोलले: “साबुन.”

एकूण आठेक लिटर पाणी लागतं. दळलेलं मलमलच्या फडक्यातून गाळा आणि दूध मोठ्या पातेल्यात, अर्ध्यापर्यंतच भरून, उकळायला ठेवा. सोयाचा फेस दुधापेक्षा वेगानं वर येतो आणि शेगडी विझवतो. उकळी आल्यावर मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं ढवळत राहा. ही वेळ कमी करू नका, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात आणि ते शिजल्यावरच जातात. खाली उतरवून पाचेक मिनिटं थांबा. मग लिंबाचा रस पाण्यात मिसळून थोडा थोडा घाला, एकदाच हलवा आणि झाकून ठेवा. निवळी पिवळसर आणि स्वच्छ दिसली की फडक्यात ओता, वर पाण्यानं भरलेला डबा ठेवा. अर्ध्या-पाऊण तासात वडी बसते. किलोला दीड किलोच्या आसपास टोफू निघतो. चोथा टाकू नका, कांदा-मिरची घालून त्याची थालीपिठं फार छान होतात. खरं सांगायचं तर चवीच्या दिवशी टोफूपेक्षा थालीपिठंच आधी संपली.

वीस जणांच्या चवीपुरतं हे ठीक. १८० जणांसाठी आठ किलो सोयाबीन दळायचं काम महाराजांवर लादू नका. आम्ही लादलं, आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांनी हात वर केले. बरोबरच होतं त्यांचं. त्यांच्या दोन मदतनिसांची सोमवारची झोप आमच्या तत्त्वांसाठी जात होती आणि पगारात एक रुपया वाढला नव्हता. मग मंगळवारी आलटून पालटून सोयाबडी-मटार, भरली वांगी आणि झणझणीत मटकीची उसळ ठरली. टोफू महिन्यातून एकदा, तोही बाहेरून घेऊन. पनीरची नक्कल करण्याच्या हट्टापायी आम्ही दीड महिना फुकट घालवला, असं मला आता वाटतं.

एक सावधगिरी: तुपाच्या जागी डालडा येऊ देऊ नका. पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे बिनदुधाचं, असंही समजू नका, तो दूध असलेल्या पदार्थावरही असतो. वीगन, म्हणजे प्राण्यांपासूनचं काहीच नसलेल्या, पदार्थांसाठी २०२२च्या नियमांनुसार वेगळं हिरवं चिन्ह आहे.

तब्येतीचे प्रश्न टाळू नका

बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही, आणि ते आपल्याकडे दूध पिणाऱ्या शाकाहारींनाही बऱ्याचदा कमी पडतं. पूर्ण दूध सोडणाऱ्यानं डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी, त्यात हिरोगिरी नको. कॅल्शियमसाठी तीळ आणि नाचणी आहेत. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर असतं. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी ती आणि सोया यांत काही तासांचं अंतर ठेवावं. शेंगदाण्याची किंवा सोयाची ॲलर्जी असणारं कुणी आहे का, हे पहिल्या दिवशी विचारून भिंतीवर लावा. आणि मंगळवारीही दह्याची वाटी मागणाऱ्याला मिळालीच पाहिजे.

शुद्धतेवाल्यांपासून लांब

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आमच्या दुसऱ्या सभेनंतर एक गृहस्थ पोस्टरांचा सगळा खर्च द्यायला तयार झाले. अट एवढीच, की वर ‘शुद्ध शाकाहार’ लिहायचं आणि अंडी खाणाऱ्यांबद्दल दोन ओळी टाकायच्या. पैसे हवेच होते. तरी नको म्हटलं, आणि आमच्यातले तिघं त्यावरून सोडूनही गेले.

आपल्याकडे ‘काय खाता’ हा प्रश्न ‘कोण आहात’ असा ऐकू येतो. हॉस्टेलात केरळची मुलं होती, ईशान्येकडची होती, झाबुआ-अलीराजपूरची होती. झाबुआच्या कडकनाथ कोंबडीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती त्यांच्या घरच्या अंगणातली. त्यांना पर्यावरणाच्या नावानं मान खाली घालायला लावणं लबाडीचं झालं असतं, कारण आकडेच उलट बोलतात. पूर-नेमेचेक यांच्या अभ्यासात कोंबडीच्या मांसाचं उत्सर्जन किलोमागे दहा किलोच्या आसपास आहे, अंड्यांचं पाचच्या आत. पाच लिटर दुधाचं एक किलो पनीर पंधराच्या घरात जातं. शुद्ध शाकाहारी पनीर कोंबडीपेक्षा जड! हे वाक्य सभेत म्हणाल तेव्हा खोलीत एकदम शांतता होते. झाबुआचा एक मुलगा तेव्हा पहिल्यांदा पुढच्या बाकावर येऊन बसला.

तसंच, मुलांच्या अंड्यांच्या आड येऊ नका. २०१५ साली मध्य प्रदेश सरकारनं अंगणवाडीत अंडी द्यायचा प्रस्ताव नाकारला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतही राज्यात पाच वर्षांखालची ३५ टक्क्यांहून जास्त मुलं वयाच्या मानानं खुजी होती. पोटभर जेवणाऱ्या हॉस्टेलकरांनी आपलं पनीर कमी करावं. उपाशी लेकराच्या ताटाकडे बोट दाखवू नये.

अर्ज, तारीख आणि निविदा

परदेशात मतदानाचा मार्ग चालला. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या विद्यार्थी संघटनेनं नोव्हेंबर २०२२मध्ये आपल्या खानपानगृहांत पूर्ण वनस्पतीजन्य जेवण आणायचा ठराव केला, केंब्रिजच्या संघटनेनं फेब्रुवारी २०२३मध्ये तसाच पाठिंबा ७२ टक्के मतांनी दिला. बर्लिनमध्ये २०२१पासून विद्यापीठांच्या कँटीनमध्ये मांसमच्छीचा वाटा जेमतेम चार टक्क्यांवर आला. आपल्याकडे मेसचा निर्णय वॉर्डन, मेस समिती आणि कंत्राटदार या तिघांत होतो, म्हणून ठरावापेक्षा अर्ज कामाचा.

अर्ज एका पानाचा ठेवा. मागणी एकच: मंगळवारच्या रात्रीचं पनीर सहा आठवडे बदलून बघावं, दही चालू राहील, खर्च वाढणार नाही, पसंत न पडल्यास सातव्या आठवड्यापासून पूर्ववत. खाली पनीरचा आणि उसळीचा खर्च शेजारी शेजारी. पृथ्वी, ध्रुवीय अस्वलं वगैरे अर्जात नको. आमच्या वॉर्डननी सगळा कागद सोडून फक्त खर्चाच्या ओळीखाली रेघ मारली होती. अर्ज देण्याआधी महाराजांची सही घ्या, नियमात नसली तरी.

तारीख बघून सुरू करा. परीक्षेत नको, नवरात्रात नको, कारण तेव्हा निम्मं हॉस्टेल साबुदाण्यावर असतं. दिवाळीनंतर मटार, वांगी, मेथी स्वस्त होतात, तो काळ चांगला. आणि सहा आठवडे पार पडले की तिथेच थांबू नका. मेसचं कंत्राट नव्या सत्राआधी निघतं, त्याच्या मसुद्यात ‘आठवड्यातून दोनदा पनीर’ असं लिहिलेलं असतं. ती ओळ ‘एकदा पनीर, एकदा कडधान्य किंवा सोया’ अशी बदलून घेता आली, तर तुम्ही पास होऊन गेल्यावरही मंगळवार टिकतो. आमचा पहिल्या वर्षी टिकला नाही. मसुदा निघाला तेव्हा आम्ही सगळे सुट्टीत घरी होतो.

सहाही आठवडे उष्टं मोजा. इंदुरात ओला कचरा वेगळा ठेवावाच लागतो, त्यामुळे बादली आयतीच आहे, फक्त खाली वजनकाटा ठेवायचा. पहिल्या मंगळवारी आमचं उष्टं पनीरच्या दिवसापेक्षा अकरा किलोंनी जास्त भरलं आणि कंत्राटदार गालात हसला. चौथ्या मंगळवारी, मटकीच्या उसळीला, ते पनीरच्या दिवसाइतकंच होतं. वांग्याच्या दिवशी मात्र शेवटपर्यंत जास्तच राहिलं. ज्यांना वांगी आवडत नाहीत त्यांना ती कुठल्याच कारणासाठी आवडत नाहीत.

या सगळ्या नोंदी एकाच वहीत ठेवा आणि जाताना दुसऱ्या सत्रातल्या कुणाला तरी हातात द्या, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून भागत नाही. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर महाराजांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलंय: “पानी उबलता हुआ। ठंडा नहीं।”